नर्सबाईची ओटी

आमच्या गावच्या दवाखान्यात दोन वर्षांत तीन नर्सबाया आल्या. डॉक्टर परंड्याहून मंगळवारी तेवढे येत. बाकी दिवस विंचू चावलेला, बैलानं शिंग मारलेला, सगळे एकट्या नर्सबाईच्या दारात. तिसरी नगरकडची, ख्रिस्ती होती. नवरा तिकडंच. एकदा पाटलांनी तिला अडलेल्या म्हशीसाठी बोलावलं.

"मी माणसांची नर्स आहे," ती म्हणाली.

"म्हस बी घरातलीच हाय की, बाई!"

त्याच आठवड्यात तिनं बदली मागितली अन् ती मिळालीही.

मला तेव्हा नववा महिना होता. पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं, म्हणून माझा सगळा जीव नर्सबाईत. पण तिला थांबा म्हणायची छाती नव्हती. मी पाहुण्यांना पाणीसुद्धा दाराआडून देणारी.

सासूबाईंनी बायका जमवल्या. "सवाष्ण बाई ओटी भरल्याबिगर गाव सोडत न्हाय. कुणी तिची ओटीच भरू नका. बघू कशी जाती!"

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी मी निर्धास्त भाकरी थापत होते, तर खिडकीतून नर्सबाईची ट्रंक कुर्डुवाडीच्या मोटारीच्या टपावर चढताना दिसली. ख्रिस्ती बाईला आमच्या ओटीचा नेम ठाऊकच नव्हता!

मी पिठाच्या हातांनीच धावले. गावासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, माझं होऊ द्या, मग जा."

ती उतरली. माझ्या पोटावर हात ठेवला अन् कंडक्टरला म्हणाली, "ट्रंक काढा." मग मला म्हणाली, "आठ दिवस. नवव्या दिवशी कलेक्टर आला तरी थांबणार नाही."

मुलगी दहाव्या दिवशी झाली. नर्सबाई शेवटचे दोन दिवस माझ्या पोटाशी भांडत राहिली.

सासूबाई बायकांना म्हणाल्या, "अजून भरू नका गं. माझी धाकटी लेक यायची हाय बाळंतपणाला."

निघताना नर्सबाई बाळाला बघायला आली. माझा विटाळ फिटला नव्हता, तरी बाजेखाली लपवलेला नारळ अन् तांदूळ काढले. "पदर पसरा."

"हे कशाला?"

"आता तुम्हाला जाता येईल."

सगळं सांगितलं तेव्हा ती हसता हसता माझ्याच बाजेवर बसली. मोटार दोनदा भोंगा वाजवून थांबली होती.

सासूबाई माझ्याशी बारशापर्यंत बोलल्या नाहीत.