गोणीला सीटबेल्ट

तांदळाच्या गोणीला सीटबेल्ट लावणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो माझा घरमालक आहे. रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, या चाचांच्या घरामागच्या खोलीत मी राहतो. हिंगोलीकडून कंपनीत कामाला आलेल्या, नववीतच शाळा सोडलेल्या घाबरट पोराला कुणी खोली देईना. चाचांनी नाव विचारायच्या आधी "जेवलास काय?" विचारलं. नव्याची त्यांना भीतीच नाही. नवा न्हावी, नवा दाताचा डॉक्टर, पहिलं गिऱ्हाईक चाचा; दोन दात त्यातच गेले. तशीच त्यांनी एका नव्या कंपनीची विजेवरची गाडी घेतली. कंपनी डळमळतेय, असं सगळे सांगत होते. चाचा म्हणाले, "नव्यावर कोनीतरी पयला भरवसा ठेवाया लागतो. तुज्यावर नाय ठेवला?"

पुढे गाडी दाखवायला पेणला गेलो, तर शोरूमच्या काचेआड बिनरंगाचे गणपती ओळीनं बसलेले. "गाडीवाले गेले, चाचा," मूर्तिकार म्हणाला. चाचांनी हॉर्न बारीक वाजतो ही तक्रार त्यालाच सांगितली. आठवड्यात मोबाईलवर निरोप आला, उद्यापासून सेवा बंद. ही गाडी सुरू करायला दर वेळी मोबाईलवरून कंपनीची परवानगी लागायची. म्हणजे आता एकदा बंद पडली की कायमचीच. आणि सीटवर कुणी नसलं की ती थोड्या वेळानं आपोआप बंद व्हायची. चाचांनी गाडी चालूच ठेवली, चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढली आणि सीटवर तांदळाची गोण बेल्ट लावून बसवली. कुवेतहून मुलगा कुटुंबासह दहा दिवसांनी रजेवर येणार होता. नातवाला रोहा स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं, एवढंच त्यांना हवं होतं. येताजाता गोणीला म्हणायचे, "झोपू नको हां, बाबा."

शुक्रवारी ते नमाजला गेले. मला सुट्टी होती. एवढं करतात आपल्यासाठी, म्हटलं, गाडी तरी धुऊन ठेवू. गोण भिजू नये म्हणून ती उतरवून ओट्यावर ठेवली. टायर घासता घासता वेळ कसा गेला कळलं नाही. गाडी चकचकीत झाली आणि विझली.

चाचा आले तेव्हा मी कपड्यांची पिशवी भरून उभा होतो. त्यांनी गाडीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कुटं चाललास? दमली व्हती ती. झोपली."

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. रजा नामंजूर. चाचांनी गाडीच्या काचेवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "बरं झालं झोपली. नायतर टेसनवरून रिकामी आनावी लागली असती."

गोणीतला तांदूळ आता आम्ही दोघं खातो. रोज संध्याकाळी चाचा त्या गाडीत बसतात आणि मला शेजारी बोलावतात. "बोल, कुटं सोडू?" मी म्हणतो, "हिंगोली." "लांब हाय रे, बॅटरी पुरायची नाय." काल मात्र मी हिंगोली म्हटलं, तर स्वतः वाकून त्यांनी माझा बेल्ट लावला.