थोरलीचे जन्मगाव

ज्याच्या जन्माची नोंदच नाही, त्याने आपण जन्मलो हे सिद्ध कसे करायचे? पोलीस सेवेच्या अखेरच्या वर्षांत एका तरुणीने मला हा प्रश्न सोडवायला लावला. ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही.

ती चिंचोळी एमआयडीसीत कामाला होती. आई-वडील ऊसतोडीला फिरत, म्हणून शाळेत नाव नव्हते. आता ते दोघेही हयात नव्हते. मोहोळकडचे एक गाव जन्मगाव म्हणून लिहून विलंबित जन्मनोंदीसाठी तिने केलेला अर्ज तहसीलमधून चौकशीसाठी आमच्या ठाण्यात आला. पाठोपाठ निनावी फोन आला: "ती पोर मोहोळकडच्या त्या गावात जन्मलीच न्हाय. अर्ज खोटा हाय."

मी त्या गावात गेलो. म्हाताऱ्या माणसांनीही तेच सांगितले. अर्ज खोटा ठरता, तर दाखला दूरच, तिच्यावरच गुन्हा दाखल झाला असता.

तिला ठाण्यात बोलावले. "त्या गावात तुझा जन्म कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

"मग साहेब, इतका येळ तुमी बोलताय कुणासंगं?"

ठाणे अंमलदार हसले. "लई तोंड चालतंय की हिचं!"

"दाखला न्हाय म्हून तोंडबी नगं व्हय?"

मी विचारले, "भावंडांत तू कितवी?"

"थोरली."

तिथे मी थबकलो. पहिले बाळंतपण माहेरी होते, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही.

"मग अर्जात हे गाव का लिहिलेस?"

"बापाचं गाव त्येच आपलं गाव. दुसरं कुटलं लिवायचं?"

आईचे माहेर अक्कलकोटच्या बाजूला. नोंद तिथेही नव्हती, पण मामी होती आणि शेजारच्या आजी होत्या. साक्षीदारांना नेहमी वेगवेगळे विचारावे. बाळंतपणानंतर नाळेसोबत पडणारी वार घरामागे पुरतात. ती कुठे पुरली, एवढेच मी विचारले. मामीने न्हाणीमागचा शेवगा दाखवला. मग तिला आत पाठवून आजींना बोलावले. त्या काठी टेकत थेट त्याच शेवग्याशी गेल्या.

"हितं. खड्डा म्याच खणला. पोरीच्या मामाला कुटं जमतंय!"

दोघींचे जबाब नोंदवून मी अहवाल पाठवला. तिने जन्मगावी नवा अर्ज केला आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद झाली. दाखला घेऊन ती ठाण्यात आली, अंमलदारांपुढे धरला आणि म्हणाली, "आता बोलू का?"

फोनवरची माहिती खरी होती, त्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. दाखला नाही एवढ्यावरून कुणी कुणाला परके ठरवू लागला, तर मी आजही आडवा येईन.

जन्माची नोंद जन्म झाला तिथे होते, बापाच्या गावी नव्हे. माझ्या शब्दावर जाऊ नका. आपल्या घरातल्या थोरल्या लेकराचा दाखला काढा आणि जन्मस्थान स्वतः वाचून पाहा.