टायटॅनियमला रेड ऑक्साईडचे दोन हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. बिद्रीजवळच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म बाईंनी शेजारी बसून भरून घेतला. आता त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र लिहितो.

गेल्या वर्षी मी माझी सायक्लोक्रॉसची फ्रेम विकायला काढली. सायक्लोक्रॉस म्हणजे चिखलातून, शेतातून सायकल चालवायची. चाक रुतलं की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. कंपनीतले एक साहेब परदेशी गेले, तेव्हा त्यांची जुनी सायकल मी घेतली होती. गावाकडं ती खांद्यावर घेऊन बांधावरनं पळताना शेजारचे आण्णा ओरडले होते, "आरं, तू सायकलीवर बसतोस का सायकल तुज्यावर?"

पण ती मला मापानं मोठी होती, पाठ दुखायची. शेवटी चाकं, हँडल उतरवून दुसऱ्या सायकलीला लावलं आणि टायटॅनियमचा मोकळा सांगाडा गावाकडं माळ्यावर टाकला.

राजारामपुरीतल्या, शर्यतीत उतरणाऱ्या एका दातांच्या डॉक्टर बाईंनी तो घ्यायचं ठरवलं. मी वडिलांना फोन केला, "फ्रेम जरा साफ करून रविवारी घेऊन या."

वडील एसटीनं शहरातल्या माझ्या खोलीवर आले. डॉक्टर आधीच येऊन बसल्या होत्या. वडिलांनी पोत्यातून फ्रेम काढली, तर ती विटेसारखी तांबडी. नांगर असो, ट्रॉली असो, उघडं लोखंड दिसलं की आमच्याकडं रेड ऑक्साईड मारतात. वडिलांनी दोन हात मारले होते, सांध्यांतसुद्धा ब्रश घातला होता.

"मोकळाच पाईप हुता. गंजला असता की," ते म्हणाले.

डॉक्टरांनी फ्रेम उलटीपालटी केली. "काका, जुनी फ्रेम सांध्यापाशी तडकते. रंगाखाली चीर असेल तर मला कशी दिसणार?"

"म्हंजे आमी दडवलं म्हनता?"

"तसं नाही हो."

"तसंच झालं की!"

विक्री मोडली असती तर माझं फार बिघडणार नव्हतं. पण चीर निघाली असती तर वडील लबाड ठरणार होते. आणि खरं सांगायचं तर आत चीर आहे की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. सांधे मी कधी निरखून पाहिलेच नव्हते.

उद्यमनगरात माझ्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे. तिथं ओतीव कामातल्या चिरा तपासतात. तिघं रिक्षानं तिकडं गेलो. मालक फ्रेम बघून हसायलाच लागले. "पावणं, ह्याला रेड ऑक्साईड? सोन्याला कल्हई केल्यागत झालं की!"

वडील हसले नाहीत. त्यांनी थिनरचा डबा आणि चिंध्या मागून घेतल्या आणि तासभर एकट्यानं घासत बसले. मला हात लावू दिला नाही. करडी, मंद चमकणारी फ्रेम बाहेर आली. मालकांनी सांध्यांवर तांबडं औषध फवारलं, थोडं थांबून पुसून टाकलं, वर पांढरी पावडर मारली. चीर असेल, तर तिच्यात मुरलेलं औषध पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतं. आम्ही चौघं वाकून बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या बाईंना पत्र टाकलं:

"आदरणीय बाई,

सा. नमस्कार. वडिलांनी रेड ऑक्साईड मारलेली माझी सायकलची फ्रेम काल उद्यमनगरात घासून चिरांसाठी तपासून घेतली. पावडरीवर एकही रेघ उमटली नाही. डॉक्टर फ्रेम तिथूनच घेऊन गेल्या. जाताना वडिलांना म्हणाल्या, 'काका, चुकलं माझं.' वडील म्हणाले, 'तपासून घेतलंसा, बेस केलंसा.'

परतताना मात्र त्यांचं एकच चाललं होतं, ही गंजत का न्हाय? मी सांगितलं, हवा लागली की टायटॅनियमवर आपोआप एक अगदी पातळ थर चढतो, तो आतल्या धातूला राखतो. वडील म्हणाले, 'म्हंजे त्येनं आपला आपणच रंग मारून घेतलाय की. मग लोखंडावर गंजाचा थर चढतोय, त्यो का राखत न्हाय?'

चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो, पण त्यांना पटेल असं सांगता आलं नाही. तुम्ही कसं सांगितलं असतं? सविस्तर लिहा. उत्तर गावच्या पत्त्यावर पाठवलंत तरी चालेल, वडील तिथंच वाट बघतायत.

आपला विद्यार्थी"