आईची धाप

सोमवारी आईच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील, अशी खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून शनिवारी तिने लिहून ठेवलेल्या काही आठवणी मी तिच्याकडून वाचून घेतल्या आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. नव्या सॉफ्टवेअरने खरखर, धाप, अडखळणं सगळं आपोआप पुसून टाकलं. हेडफोन लावून आईने विचारलं, "ही कोण बाई?"

मूळ रेकॉर्डिंगही पुसलं गेलं की काय? शोधलं, तर ते सापडलं. मग जुन्या, साध्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त पंख्याची घरघर कमी केली. धाप राहू दिली. जिना चढून आई दाराशी आली, की हाकेआधी मला तीच तर ऐकू यायची.

आईने पुन्हा ऐकलं. "हं, ही मी," ती म्हणाली. "पाणी दे. उरलेलं वाचते."