आखूड बाह्यांचा गणवेश

बंदूक समजून छत्री खांद्याला लावणारी ती सात माणसं माझ्या नजरेसमोरून अजून हललेली नाहीत. मी मराठी घरातला, पण सिंगापुरातच वाढलेला; तेव्हा तिथल्या पोलिसांत इन्स्पेक्टर होतो, नेमणूक क्लेमेंटी भागात.

खबर आणली एका वयस्कर चिनी बाईंनी. दुपारी चौकीत येऊन त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी काही परदेशी माणसं कवायत करत होती, आणि शिकवणारा लष्करी गणवेशात होता.

"ही आपली माणसं नाहीत, लाह," बोलण्याला इथला नेहमीचा 'लाह' जोडत त्या म्हणाल्या. "मग कशाला शिकतात?"

प्रश्न रास्त होता. परवानगीशिवाय लष्करी कवायत शिकवणं हा गुन्हा, अधिकार नसताना गणवेश घालणं हा आणखी एक. डायरीत नोंद केली, वरिष्ठांना कळवलं. मामला गंभीर निघाला, तर तो माझ्या हातात राहणार नव्हता.

रविवारी मी आणि माझी सहकारी साध्या वेशात, कॉफीचे पेले घेऊन समोरच्या बाकावर बसलो. शिकवणारा चाळिशीचा, उंच, सडपातळ. त्याचे हुकूम इतके बिनचूक होते की हा माजी सैनिकच असणार, असं मला वाटलं. पण शर्टाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच संपत होत्या. लष्कराच्या स्टोअरमध्ये माप घेऊनच गणवेश देतात. हे कोडं मनात राहिलं.

त्याला पोलीस स्टेशनवर बोलावलं. आडनाव मराठी दिसलं, म्हणून मी मराठीत सुरुवात केली. जबाब मात्र इंग्रजीत लिहिला जात होता. तो अकाउंटंट, इथला कायम रहिवासी. ते सातही जण देशाच्या लष्करी स्वयंसेवक दलात भरती होऊ पाहणारे. इथल्या तरुणांना दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा असते. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना आणि स्त्रियांना ती नसते. त्यांच्यासाठी हे दल. बूट, गणवेश, जेवण, प्रशिक्षणामुळे बुडालेल्या दिवसांचा पगार, सगळा खर्च सरकारचा.

"मग तुमची शिकवणी कशाला?" मी विचारलं.

"साहेब, सरकारचा खर्च आत घेतल्यावर सुरू होतो. खुर्चीत बसून मऊ झालेल्या माणसाला त्याआधी कोण पळवणार?"

फी तो घेत नव्हता. सातही जणांनी वेगवेगळं विचारल्यावर तेच सांगितलं.

"तुम्ही स्वतः दलात आहात?"

"नाही."

"मग हा गणवेश?"

"विकत घेतला."

"कुठून?"

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकच खोटं तयार करून आणतो. पुढच्या प्रश्नाला त्याच्याकडे काही नसतं. दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिलो.

तेवढ्यात समोरच्या काउंटरवरून निरोप आला: त्याची पत्नी आली आहे. त्या आत आल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या, त्याच्यापेक्षा वीतभर बुटक्या. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला बाह्यांचा उलगडा झाला.

"गणवेश माझा आहे," त्या म्हणाल्या. "तसं लिहून घ्या."

"तू कशाला आलीस?" तो उठून उभा राहिला. "तुला दलातून काढून टाकतील!"

"काढू देत. तू माझ्यासाठी खोटं बोलायचं नाहीस."

दोघांनी एकदमच अर्ज केला होता. त्या निवडल्या गेल्या. वैद्यकीय तपासणीत याच्या हृदयात दोष निघाला. त्या प्रशिक्षणाहून घरी आल्या की हा एकेक हुकूम पुन्हा म्हणायला लावायचा, हॉलमध्ये तसं करून पाहायचा. एके दिवशी त्याने शर्ट मागितला आणि त्यांना नाही म्हणवलं नाही.

गुन्ह्याचा उलगडा झाला होता. तरी मी त्याला कागदाबाहेरचा प्रश्न विचारला, "तुम्हाला हे एवढं हवं कशाला होतं?"

"इथल्या प्रत्येक पुरुषाकडे त्या दोन वर्षांच्या गोष्टी आहेत. ऑफिसात, लिफ्टमध्ये, जेवताना. पंधरा वर्षं मी नुसता ऐकतोय." मग त्याने मलाच विचारलं, "तुम्ही कुठल्या कॅम्पात होता?"

मी सांगितलं. अठराव्या वर्षी हुकूम आला म्हणून गेलो होतो, रोज कुरकुर केली होती, ते दिवस मी कधी कुणाला सांगितलेही नव्हते. त्या दिवशी चांगली पंधरा मिनिटं बोलत राहिलो. दोघं कान देऊन ऐकत होती. जबाबावरची सही तशीच राहिली होती.

सरकारी वकिलांच्या सल्ल्याने त्याला लेखी ताकीद देऊन सोडलं. पत्नीबद्दलचा अहवाल दलाकडे गेला. तिथे त्यांना कडक समज मिळाली, पण जागा राहिली. सातांपैकी चौघं निवडले गेले. तक्रार करणाऱ्या बाईंना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "मग आता त्यांना कोण शिकवणार?"

त्यानंतर माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येकाला, कलमासाठी गरज नसली तरी, 'कशासाठी?' हे मी विचारू लागलो. पुष्कळांनी उत्तर दिलं नाही. काहींनी दिलं ते ऐकून माझा आधीचा अंदाज चुकल्याचं कळलं.

त्या गृहस्थाने नंतर पुन्हा अर्ज केला आणि तो पुन्हा नाकारला गेला, एवढं कानावर आलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. फोन करून विचारायला हवं होतं.