पिठलं-भाताचं ताट

न विचारता दुसऱ्याचं भलं करायला धावायचं, ही माझी जुनी खोड. उल्हासनगरात ती मला चांगलीच नडली. खरं तर माझ्यापेक्षा शेजारणीला जास्त नडली, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

माझे यजमान तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात कारकून होते. लष्कराच्या जुन्या बराकीत आम्हाला एक खोली मिळाली. पलीकडे एक सिंधी बाई, तिची सासू आणि दोन मुली. मधे भिंत नव्हतीच, गोणपाट टांगलेलं. तिचा नवरा घरादाराचं निस्तरून येतो म्हणून मागे सिंधमध्येच राहिला होता. दोन वर्षं त्याचं पत्र नव्हतं, तरी ती रोज न चुकता भांगात सिंदूर भरायची.

माझ्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं, "त्यांच्याकडे देव दिसत नाहीत, पोथीवर चवरी ढाळतात. आपण जरा बेतानं राहावं." मी कसली बेतानं राहतेय! मी लोणचं दिलं, तिने पापड दिले. ती मला 'अदी' म्हणू लागली. अदी म्हणजे बहीण. एवढ्यावर मला वाटलं, मला ही माणसं कळली.

श्रावणात एक दिवस गोणपाटापलीकडून धूर आला नाही. दुपार झाली तरी चूल थंडच. आमच्याकडे घरात कुणी गेलं की चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी पिठलं-भात नेऊन देतात, त्याला कडू घास म्हणतात. नक्की पत्र आलं असणार, आणि त्यात वाईटच असणार. मी घाईघाईने पिठलं-भात केला, ताट झाकून नेलं आणि तिच्या गळ्यात पडून रडायलाच लागले.

ती गोंधळली. "क्या हुआ, अदी?"

"आपके घरवाले का कळलं," मी हुंदके देत म्हणाले. "हमारे में आदमी गया तो चूल नहीं पेटाते. ये खाना पड़ता है."

तिचा हात झटकन भांगाकडे गेला. मग ती अगदी हळू म्हणाली, "आज थदडी है. त्योहार है. आज चूल्हा नहीं जलाते, ठंडा खाते हैं."

मागे कालच्या गोड जाड पोळ्यांची चळत रचलेली होती. तिच्या सासूने माझं ताट उचललं आणि दाराबाहेर पावसात ठेवलं.

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पंधराच दिवसांपूर्वी आमची शिळासप्तमी झाली होती. मी स्वतः चूल न पेटवता शिळं खाल्लं होतं! तेव्हा माझ्या घरी कोण मेलं होतं? पण आपलं ते व्रत आणि दुसऱ्याचं ते सुतक, असंच माझ्या डोक्यात.

त्यानंतर अदी बंद झालं, 'बाईजी' सुरू झालं. मी लाडू पाठवले, ते मुलीच्या हाती परत आले. माफी मागायला गेले, तर ती नुसती हसायची. दोन शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं. मी चिडायची आणि घरात भांडी आपटायची. यजमान म्हणायचे, "पुढच्या वेळी आधी विचार." जसं काही मला ते सुचलं नव्हतं.

दिवाळीनंतर पत्र खरंच आलं. या वेळी गोणपाटापलीकडून आक्रोश ऐकू आला. मी पिठलं-भात केला, ताट वाढलं आणि गोणपाटाच्या अलीकडे उभी राहिले. पाऊल उचलेना. कुठल्या तोंडाने जाऊ? मीच ते आधी बोलून ठेवलं होतं. तासभर तशीच उभी होते.

शेवटी तिची धाकटी गोणपाट बाजूला करून आली. "माँ पूछती है, अदी वो खाना क्यों नहीं लाई?"

पिठलं पार निवलं होतं. मी तसंच नेलं.