कॉलरवाल्या मावशीने काढलेल्या चुका

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली मावशी म्हणत. एकवीस वर्षं तिने कोटांच्या कॉलरीच शिवल्या. कॉलर जरा तिरपी बसली की कुणाची गय नाही. "हे पोतं कुणाच्या गळ्यात घालणार?" म्हणायची आणि तिथल्या तिथे उसवायची. तोंडाने फटकळ, पण हात असा की लोक तिचं बोलणं पोटात घालत.

परदेशातली एक मोठी कंपनी दरवर्षी इथूनच कोट शिवून घ्यायची. त्यावर चाळीस बायकांच्या घरच्या चुली पेटत. यंदा त्या कंपनीने एक नमुन्याचा कोट धाडला, दुसऱ्या देशात निम्म्या मजुरीत शिवलेला. मॅनेजर तो घेऊन मावशीकडे आला.

"मावशी, यातल्या चुका लिहून द्या. स्वस्तात काय मिळतं ते कळू दे त्यांना."

मावशीला चेवच चढला. तिने कोट उलटा केला, कॉलर उसवली आणि लिहायला बसली. कॉलरीचा खालचा पदर वरच्याएवढाच कापलाय. तो सूतभर लहान हवा, म्हणजे कॉलर आपसूक वळते. जोडण्याआधी वाफेच्या इस्त्रीने कडा ताणून घ्यावी. अशी तीन पानं भरली, वर आकृत्या.

शेजारच्या मशीनवर तिची जाऊ होती. ती म्हणाली, "चुका मागितल्यात ना? उपाय कशाला लिहितेस?"

"नुसत्या चुका सांगणं म्हणजे चहाडी."

मॅनेजर तरी शहाणा? त्याने पानं न वाचताच कंपनीला पाठवून दिली.

दोन महिन्यांनी कंपनीकडून दुसरा कोट आला, त्याच स्वस्त मजुरीच्या देशात शिवलेला. मावशीने कॉलरीवरून दोनदा बोट फिरवलं. सगळ्या मशिनी थांबल्या होत्या.

"काहीतरी सांगा, मावशी," मॅनेजर हळूच म्हणाला. "काहीही."

खोटं बोलायला तिची जीभ उचलेना. "चोख आहे," ती म्हणाली.

काम गेलं. शिकलेली माणसं याला स्पर्धा म्हणतात. म्हणोत बापडी. आमच्यात शिकवणाऱ्याला निदान फी तरी देतात.

शेवटच्या दिवशी कात्र्या पिशवीत भरताना जाऊ रडवेली होऊन म्हणाली, "एक तरी चूक काढायची होतीस गं."

"काढल्या होत्या ना," मावशी म्हणाली. "एकही ठेवली नाही."